शाळा बंद करताना पट मोजता, वाटही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ मार्चला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब (दयानंद) बांदोडकर यांची जयंती झाली. आपल्या अंकात त्यांच्यावर पानभर मजकूर आला होता. खाण व्यवसाय, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष, गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचा वाद, खेळ आणि कलेची आवड, सगळं त्यात होतं. शाळांबद्दल मात्र एकच वाक्य होतं: त्यांनी गावोगाव प्राथमिक शाळा सुरू केल्या. मी उभा जन्म सरकारी प्राथमिक शाळेत शिकवलं आणि त्याआधी अशाच एका शाळेत शिकले. त्या एका वाक्यात किती जणींचं आयुष्य आहे हे कुणीतरी लिहायला हवं म्हणून हे पत्र. ते लांबेल. जागेअभावी कापावं लागलं तर माझ्या आठवणी कापा, शेवटची मागणी तेवढी कृपया ठेवा.

मी सत्तरी तालुक्यातली. माझी थोरली बहीण आणि मी, आमच्यात सात-आठ वर्षांचं अंतर. डोक्याने ती माझ्यापेक्षा तल्लख. काजूच्या हंगामात कुठल्या दिवशी किती किलो बी विकली, कुणाकडून किती येणं राहिलं, गेल्या वर्षी भाव काय होता, हे ती वहीशिवाय सांगते आणि तिचा हिशेब चुकलेला मी कधी पाहिला नाही. तिला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे मिळतात. भाऊसाहेबांचं नाव असलेल्या त्या योजनेच्या कागदावर ती अंगठा उठवते. ती शाळेच्या वयाची होती तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते आणि आमच्या गावात शाळा नव्हती. मी सहा वर्षांची झाले तेव्हा गोव्यात लोकांनी निवडलेलं सरकार होतं आणि देवळाच्या सभामंडपात शाळा भरायला लागली होती. ती अंगठा उठवते आणि मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, एवढंच आमच्या दोघींतलं अंतर. ते ना आमच्या हुशारीमुळे पडलं, ना आईबापांच्या इच्छेमुळे. आईला तर तिलाही शिकवायचं होतं.

आजच्या मुलांना हे खरं वाटत नाही, म्हणून जरा मागचं सांगते. पोर्तुगीज काळात सरकारी शाळा होत्या, पण त्या पोर्तुगीज भाषेत, आणि बहुतेक शहरांत व मोठ्या गावांत. पुढचं शिक्षण म्हणजे पणजीचं लिसेंव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक विद्यालय, आणि तिथवर पोचणारी घरं वेगळी. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आलं आणि त्यानंतर इथल्या हिंदूंना थोडी मोकळीक मिळाली. मराठी शाळा लोकांनी स्वतःच्या हिमतीवर चालवल्या. पणजीत घराघरांतून मूठ मूठ तांदूळ गोळा करून मुष्टिफंडाची शाळा तर त्याआधीच, १९०८ साली उभी राहिली, ही आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची गोष्ट आहे. काही गावांत शेणैमाम, म्हणजे खासगी गुरुजी, घरी ठेवून मुलांना अक्षरं आणि पाढे शिकवत. पण ज्यांच्या घरी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याइतकेही नव्हते, त्यांचं काय? सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे इथल्या कुळांची आणि मुंडकारांची (भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांची) पोरं गुरांमागे असायची, आणि पोरी धाकट्या भावंडांमागे. १९६१ च्या जनगणनेत गोवा, दमण आणि दीव मिळून साक्षरता जेमतेम ३१ टक्के भरली. त्यात आमच्यासारख्या डोंगराकडच्या गावांतल्या बायका किती असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ९ डिसेंबर १९६३ ला पहिली विधानसभा निवडणूक झाली. लोकांनी मगोच्या सिंह या निशाणीवर शिक्के मारले आणि मगोचं सरकार आलं. भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीत उभे नव्हते. आधी मुख्यमंत्री झाले आणि पोटनिवडणूक जिंकून मग सभागृहात आले. त्यांची पार्श्वभूमी सांगताना लोक 'खाणमालक' म्हणून थांबतात, हे मला खटकतं. १९११ साली पेडण्यात जन्मलेला हा माणूस गोमंतक मराठा समाजातला. त्या समाजातल्या बायकांना पिढ्यान् पिढ्या देवळाच्या चालीरीतींनी बांधून ठेवलं होतं, त्यांच्या मुलांना बापाचं नाव लावायला मिळत नव्हतं, आणि त्या बंधनांतून बाहेर पडायला या समाजाने शिक्षणाचीच वाट धरली. गायनात तर त्यांनी नाव कमावलंच, पण पुढे वकील, डॉक्टर, शिक्षकही झाले. साध्या परिस्थितीतून वर आलेल्या भाऊसाहेबांनी हे जवळून पाहिलेलं होतं. पैसा हातात आल्यावर, राजकारणात येण्याच्याही आधी, ते शाळांना सढळ हाताने देत होते. अशा माणसाच्या हाती सरकार आल्यावर तो सर्वांत आधी कशाला हात घालणार, हे सांगायला नको.

त्यांनी शाळा मुलांच्या पायाजवळ आणल्या. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामांत हे सर्वांत मोठं. शाळेसाठी इमारत बांधून होईपर्यंत ते थांबले नाहीत. देवळाचा मंडप, कुणाचा सोपा, कुणाचं रिकामं घर, जिथे जागा मिळेल तिथे वर्ग सुरू झाले. इमारती मागाहून आल्या. मराठी शिकवणारे शिक्षक गोव्यात पुरेसे नव्हते, म्हणून कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी, वेंगुर्ले अशा भागांतून मास्तर आले. आज कुणी म्हणेल, घाईघाईने केलं. घाई हवीच होती. सहा वर्षांचं मूल इमारतीची वाट बघत सहा वर्षांचं राहत नाही.

आमचे मास्तर चंदगडकडचे. देवळाला लागून एक खोली होती, तिथे ते एकटे राहायचे. आमच्याकडचा पाऊस त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा महिनाभर त्यांचे कपडे वाळले नव्हते, असं आई सांगायची. संध्याकाळी ते घरोघर फिरायचे. आमच्या घरी आले तेव्हा आईने सांगितलं, हिला पाठवली तर धाकट्याला कोण बघणार, मी तर शेतात. मास्तर म्हणाले, त्यालाही घेऊन येऊ दे. मग दीड वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन मी शाळेत गेले. मंडपाच्या कोपऱ्यात गोणपाट अंथरलेलं असायचं, त्यावर तो झोपायचा आणि मी खांबाला टेकून पाटीवर अक्षरं गिरवायची. माझ्यासारख्या आणखी दोघी-तिघी होत्या, त्यांचीही भावंडं त्या गोणपाटावर असत. बेरीज-वजाबाकी आम्ही काजूच्या बियांवर शिकलो. मास्तरांनी त्या एका डब्यात जपून ठेवल्या होत्या आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचे, कारण एखादी बी कुणीतरी भाजून खाल्लेली असे.

आमचं शेत देवळाच्या खालच्या अंगाला होतं. लावणीच्या दिवसांत आई चिखलात उभी असताना आमचे पाढे तिला ऐकू यायचे. पाढे थांबले की तिला कळायचं, सुट्टी झाली. तिची मुलगी कुठे आहे याची तिला काळजी नव्हती, कारण शाळा तिच्या कानाच्या टप्प्यात होती. त्या काळी आमच्या वाड्यावर एकही बाई अशी नव्हती की जी आपल्या सहा वर्षांच्या मुलीला व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून दुसऱ्या गावी पाठवील. आपण हल्ली 'शिक्षणाची संधी' असं सहज बोलतो. गरीब घरातल्या मुलीसाठी ही संधी म्हणजे घरापासून शाळेपर्यंतची पायवाट. ती आईच्या नजरेच्या टप्प्यात असली तर मुलगी शिकते, नसली तर घरी राहते.

१९७१ च्या जनगणनेत साक्षरता ४५ टक्क्यांच्या जवळ गेली. दहा वर्षांत एवढी झेप त्या मंडपांतल्या आणि सोप्यांतल्या शाळांमुळे घेतली गेली, हे मी ठामपणे म्हणते.

विलीनीकरणाबद्दल बरंच लिहून झालं आहे, मी थोडक्यात सांगते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मतं गोवा वेगळा ठेवण्याच्या बाजूने पडली आणि १,३८,१७० विलीनीकरणाच्या. भाऊसाहेबांची बाजू हरली. त्यानंतर काही महिन्यांतच निवडणूक झाली, आणि ज्यांची बाजू लोकांनी नाकारली होती त्यांनाच लोकांनी पुन्हा मुख्यमंत्री केलं. माझ्या वडिलांनी दोन्ही वेळा मत दिलं होतं. ते म्हणायचे, गोव्याचं काय व्हावं ते आम्ही सांगितलं, पण पोरांची शाळा त्यांनीच दिली. लोकांना हा फरक तेव्हा स्पष्ट कळत होता. आज भाऊसाहेबांचं नाव निघालं की चर्चा लगेच भाषावादावर घसरते आणि शाळा बाजूला पडतात, याचं मला फार वाईट वाटतं. शाळेत गेलेल्या मुलांपैकी कित्येक पुढे कोकणीचे कट्टर कार्यकर्ते झाले, कित्येक मराठीचे. वाचायला आधी सगळे त्याच शाळांत शिकले.

१२ ऑगस्ट १९७३ ला भाऊसाहेब गेले आणि त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. ताई स्वतः शिकलेल्या. त्यांच्या तरुणपणी गोव्यात कला शाखेचं कॉलेजच नव्हतं, पदवीसाठी बाहेर जावं लागे. पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले ही कॉलेजं १९६२ साली, मुक्तीनंतर निघाली. ताईंच्या काळात १९७५ साली गोव्याचं स्वतःचं माध्यमिक शिक्षण मंडळ झालं. त्याआधी आमच्या मुलांची एस.एस.सी.ची परीक्षा महाराष्ट्राच्या बोर्डाची असायची. त्याच काळात मुंडकार संरक्षणाचा कायदा आला आणि कूळ कायद्यात दुरुस्ती झाली. याचा शिक्षणाशी संबंध काय, असं कुणी विचारील. संबंध आहे. ज्याचं घर भाटकाराच्या मर्जीवर उभं, त्याच्या मुलांना भाटकाराच्या कामाला नाही म्हणता येत नव्हतं. घर आपलं झाल्यावर आमच्या वर्गातली कामाच्या दिवसांतली गैरहजेरी कशी कमी होत गेली, ते मी हजेरीपटावर पाहिलं आहे.

१९९० साली ताई शिक्षणमंत्री होत्या. प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान मातृभाषेतल्या माध्यमालाच, हा निर्णय त्यांनी घेतला. पुष्कळ शाळा त्यामुळे कोकणीत आणि मराठीत आल्या. २०११ साली सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं आणि ते धोरण उलटलं. त्याविरुद्धच्या आंदोलनात ताई वयाच्या पंचाहत्तरीनंतरही उतरल्या. माध्यमाबद्दल माझं मत ताईंच्याच बाजूचं आहे आणि ते मी लपवत नाही. पण आजचं पत्र माध्यमावर नाही. माध्यमाचा वाद शाळेत पोचलेल्या मुलाबद्दल होतो. मला जी मुलं शाळेतच पोचत नाहीत त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

मी ज्या शाळेत शेवटची काही वर्षं होते, ती मी निवृत्त झाल्यानंतर पट कमी म्हणून जवळच्या शाळेला जोडली गेली. त्या शाळेचं किंवा कुणा अधिकाऱ्याचं नाव मी घेत नाही, कारण हा प्रकार एका ठिकाणचा नाही. गेल्या काही वर्षांत गोव्यातल्या किती गावांत हेच झालं, हे आपल्या बातमीदारांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. माझ्या त्या शाळेत वरच्या वाड्यावरची गवळी-धनगरांची मुलं यायची. नकाशावर पाहिलं तर नवी शाळा फार लांब नाही. पण मध्ये व्हाळ आहे. त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल आहे, रुंदी एका माणसाची, एका बाजूचा कठडा गेलेला. मार्च-एप्रिलमध्ये व्हाळात पाणी घोट्यालाही लागत नाही, मुलं साकवावरून न जाता खालूनच उड्या मारत जातात. जुलैत तेच पाणी साकवाच्या फळ्यांना लागतं. मग रस्त्याने वळसा घालून जायचं, आणि त्या वळशाला बस नाही. आई-वडील सकाळी लवकर पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला गेलेले. पोहोचवणार कोण? आजीच्या गुडघ्यांना तो चढ झेपत नाही.

शाळा जोडल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी त्या वाड्यावर गेले होते. शाळेची वेळ होती आणि दोन मुली अंगणात काजूची लाकडं रचत होत्या. एक तिसरीतली, एक पहिलीतली. मोठीला मी विचारलं, शाळा? ती म्हणाली, बाई, चवथीनंतर. म्हणजे गणेशचतुर्थी झाल्यावर, पाऊस ओसरल्यावर. तोपर्यंत वर्गात किती शिकवून झालेलं असतं ते शिक्षकांना विचारा. पहिलीतल्या मुलीने मला आपलं नाव पाटीवर लिहून दाखवलं, ते जूनमध्ये शिकलेलं. त्यापुढचं अक्षर तिला येत नव्हतं. या मुलींची नावं नव्या शाळेच्या पटावर आहेत. कागदावर त्या शिकत आहेत. राज्याच्या कुठल्याच आकड्यात त्या शाळाबाह्य म्हणून दिसणार नाहीत.

शाळा बंद करणाऱ्यांची बाजू मला कळते. मीही चार इयत्तांच्या सात-आठ मुलांना एकटीने शिकवलं आहे. एका कोपऱ्यात पहिलीला अक्षर, दुसऱ्या कोपऱ्यात चौथीला भागाकार, मधल्या वेळात माध्यान्ह आहाराची भाजी-पाव आली की ती मोजून घ्यायची, वर खात्याचे कागद. मुलांना खेळायला सोबती नसतात, कवितेला कोरस नसतो. चार मुलांची शाळा ही चांगली शाळा आहे असं मी म्हणणार नाही. दोन शाळा एकत्र करून पुरेसे शिक्षक, पुरेशी मुलं मिळत असतील आणि मुलं सुखरूप पोचत असतील, तर जरूर करा. माझी तक्रार शेवटच्या अटीबद्दल आहे. ती अट कुणी तपासत नाही.

पट का घटला याचाही विचार व्हायला हवा. लोक म्हणतात इंग्रजीचं वेड. काही अंशी खरं आहे, पण मी पालकांच्या घरी बसून त्यांचं ऐकलं आहे आणि मला दुसरी दोन कारणं जास्त मोठी वाटतात. एक, खासगी शाळा मूल तीन वर्षांचं असताना केजीत घेतात, सरकारी शाळा वर्षानुवर्षं थेट पहिलीपासून सुरू व्हायच्या. तीन वर्षांचं मूल एकदा तिकडे गेलं की सहाव्या वर्षी इकडे का येईल? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचा पायाभूत टप्पा सांगितला, तो आमच्या अंगणवाड्यांनी आणि प्राथमिक शाळांनी मनापासून हातात हात घालून चालवला तरच याला उत्तर मिळेल. दुसरं कारण, बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतल्या शाळेच्या बस. अनुदानित शाळांना बालरथ मिळाले, मुलाला दारातून नेतात आणि दारात सोडतात. चांगली योजना आहे, अनेक मुलींचं शिक्षण त्यामुळे सुटलं नाही. पण सरकारी प्राथमिक शाळेसमोर बालरथ थांबत नाही. कामाला जाणारी आई कुठली शाळा निवडेल? जिच्या दारात गाडी येते ती. तिला मी कधीच दोष दिला नाही. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

कायदा काय सांगतो तेही लिहिते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा वस्तीपासून चालत १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. पण त्याच नियमांत पुढे आहे की जिथे वाट अवघड आहे, पूर किंवा दरड कोसळण्याचा धोका आहे, रस्ता नाही, लहान मुलांच्या जिवाला भीती आहे, तिथे हे अंतर कमी करून शाळा ठेवावी. आणि लहान वस्त्यांजवळ शाळाच नसेल तर मोफत वाहनाची किंवा निवासाची सोय करावी. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला व्हाळ म्हणजे काय ते माहीत होतं. आमच्याकडे किलोमीटरचं कलम वाचलं जातं आणि पुढचं वाचलं जात नाही.

आता माझी मागणी, आणि ती गोव्याच्या चाळीसही आमदारांकडे आहे, पक्ष कुठलाही असो. पर्वरीच्या विधानसभेत अधिवेशनाच्या काळात दर शुक्रवारी आमदारांच्या खासगी कामकाजाला वेळ मिळतो. त्यात एक ठराव आणा. सरकारी प्राथमिक शाळा बंद करण्यापूर्वी किंवा जोडण्यापूर्वी त्या शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाची घरापासून नव्या शाळेपर्यंतची वाट पावसाळ्यात चालून मोजली जावी. नकाशावरची रेघ किंवा गाडीच्या रस्त्याचा आकडा त्यासाठी धरू नये. मुलाच्या पावलांची वाट धरावी. ती नोंद ग्रामसभेसमोर वाचून दाखवावी आणि मुलांच्या आयांना तिथे बोलायला मिळावं. निर्णय शाळा जोडण्याचा झाला तर नव्या शाळेला वाहन मिळाल्याशिवाय जुन्या शाळेला कुलूप लागू नये. वाहन म्हणजे पुढच्या वर्षीचं आश्वासन नाही, पहिल्या दिवशी दारात उभी असलेली गाडी. आणि रिकाम्या झालेल्या इमारती पडू देऊ नका. तिथे अंगणवाडी चालवा, संध्याकाळी अभ्यासाला मुलांना बसू द्या, वीज आणि पाणी तोडू नका. आज ना उद्या त्या वस्तीवर मुलं वाढली तर शाळा पुन्हा उघडता येईल. छप्पर कोसळलेलं असेल तर कुणी उघडणार नाही.

ठराव हा फक्त ठराव असतो, तो सरकारवर बंधनकारक नसतो, हे मला माहीत आहे. पण एखाद्या आमदाराने आपल्या मतदारसंघातल्या बंद झालेल्या आणि बंद होऊ घातलेल्या प्रत्येक शाळेचा प्रश्न सभागृहात विचारला, मुलांची संख्या, अंतर आणि वाहन अशी उत्तरं लेखी घेतली, तरी पुष्कळ फरक पडेल. खात्याला लिहून द्यावं लागतं तेव्हा खातं तपासतं. शिक्षक म्हणून मी हे अनुभवलं आहे. विधानसभेत प्रश्न आला की भागशिक्षणाधिकारी शाळेत येतात, छप्पर बघतात, मुलं मोजतात.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. पुढच्या १२ मार्चला भाऊसाहेबांच्या पुतळ्याला हार घालतानाचा फोटो छापाल, त्याच्या शेजारी त्या वर्षी बंद झालेल्या सरकारी प्राथमिक शाळांची तालुकावार यादी छापा. ज्या आमदारांनी सकाळी हार घातला त्यांना त्यांच्या मतदारसंघातल्या शाळांबद्दल त्याच दिवशी विचारा. यात कुणाचा अपमान नाही. लोकप्रतिनिधीकडून लोक हीच अपेक्षा करतात, आणि भाऊसाहेबांनी ती पुरी केली होती.

आमच्या मतदारसंघाच्या आमदारांना मी या पत्राची प्रत स्वतः नेऊन देणार आहे. वरच्या वाड्यावर येण्याचं निमंत्रणही त्यासोबत आहे. फक्त त्यांनी जुलैत यावं, सकाळी सातच्या सुमारास, आणि गाडी खाली ठेवून साकवावरून चालत यावं. मार्च-एप्रिलमध्ये आले तर व्हाळ कोरडा असेल आणि त्यांना वाटेल, बाई उगाच बोलतात.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
सत्तरी, गोवा